बैलाच्या मापाचा पट्टा

पौषी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाबा गेले. सकाळी त्यांनी दाढी केली. आईने चहा ठेवला. चहा गाळून ती बाहेर आली तेव्हा ते ओटीवर भिंतीला टेकून बसले होते आणि हाकेला ओ देत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी म्हशाच्या जत्रेला जाणार होतो.

आता पुन्हा पौष लागला आहे. भात कापून, झोडून झालं. खाचरांत मागे राहिलेल्या ओलीवर वाल उभा आहे आणि त्याच्या शेंगांना तो उग्र हिरवा वास सुटला आहे, जो एकदा हाताला लागला की साबणाला दाद देत नाही. सकाळी सापगावच्या पुलावर भातसेचं धुकं इतकं दाट असतं की समोरून येणाऱ्याचे पाय दिसत नाहीत, नुसती मुंडी तरंगत येते. आणि रस्त्यावरून टेम्पो जाऊ लागलेत. मागे फळ्या ठोकलेल्या, आत बैल, शिंगं रंगवलेली, गळ्यात घंटा. पूर्वी हे बैल चालत जायचे. आता टेम्पोतून जातात, पण प्रत्येक गतिरोधकावर घंटा वाजते. मी शहापूरच्या एका वाचनालयात काम करते. पुस्तकांना कव्हरं घालताना तो आवाज येतो आणि कात्री तशीच हातात राहते.

गेल्या वर्षी बाबांनंतर कामावर परतले आणि हा आवाज आला, तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली होती. यंदा उघडी ठेवली आहे.

म्हसा मुरबाड तालुक्यात. मुरबाडपासून कर्जतच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात धुरळा दिसू लागतो, आणि त्या धुरळ्याच्या मागे सिद्धगडाचा डोंगर, दिवस वर आला की निळा, कलल्यावर जांभळा. जत्रा मुळात बैलांची आणि घोंगड्यांची. आम्ही बौद्ध, देवाच्या रांगेत आमचं काही काम नसे. तमाशाच्या कनातीकडे बाबा ढुंकूनही बघत नसत. ते जायचे खरेदीला. वर्षाला एकदा, स्वतःसाठी एक वस्तू. आईची, माझी खरेदी वर्षभर चालू असे. तिचा हिशेब वेगळा. पण ही एक वस्तू त्यांची, आणि ती निवडायला त्यांना अख्खा दिवस लागे.

बाबा शाळेत प्रयोगशाळेचं काम बघायचे. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, बेडकांचे ट्रे मांडायचे. सुरुवातीची काही वर्षं घंटाही तेच वाजवत. या कामाला ते जायचे पांढराशुभ्र शर्ट, निळा टाय आणि कमरेला पितळी बकलाचा रुंद पट्टा अशा थाटात. खिशात घडी मोडू न दिलेला रुमाल. दाखल्यासाठी आलेले पालक आधी त्यांनाच नमस्कार करत. मुख्याध्यापक सदऱ्यात असत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी फाटकातच बाबांचा हात हातात घेतला आणि शाळा छान ठेवलीत म्हणून सांगितलं. बाबांनी आभार मानले. त्यानंतर मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून, अगदी चांगल्या शब्दांत सुचवलं की निदान तपासणीच्या दिवशी तरी टाय नका लावू. पुढच्या तपासणीला बाबांनी टायला पिनही लावली होती.

घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आहे. आमच्यासारख्या प्रत्येक घरात असते. बाबा म्हणायचे, या माणसाला काय, धोतर-सदऱ्यात उभं राहता आलं नसतं? पण तो कोट-टाय घालून उभा राहिला, खिशाला पेन लावून. समोरच्याला कळावं म्हणून. मग ते माझ्याकडे वळत. "आमी काय नाटकात काम करतो म्हणून टाय लावतो का गो?" मी नाही म्हटलं की त्यांचं समाधान होई. या संवादाला आई कंटाळली होती.

खरेदीची त्यांची एक रीत होती. वस्तू हातात आली की आधी ती उलटी करायची. पुढची बाजू दुकानदाराची, मागची आपली, असं ते सांगत. पट्टा असेल तर वाकवून बघायचा. सुरकुतीत पांढरी रेघ उमटली तर तो चिकटवलेला माल. मग कडेला नाक लावायचं. पाकीट असेल तर आतल्या कप्प्याचे कोपरे बघायचे, कारण फसवणूक कोपऱ्यात लपते. टाय टोकाशी धरून लोंबता सोडायचा आणि शांतपणे वाट बघायची. तो स्वतःभोवती फिरू लागला तर ठेवून द्यायचा. रुमाल उजेडाकडे धरायचा. मोज्यात हात घालून बोटं पसरायची. दुकानदार वैतागत. एकाने विचारलं होतं, "मोजे घेताय का मांजर काढताय आतून?" बाबांनी तेवढ्याच गांभीर्याने सांगितलं की मांजर निघालं तर परत देईन.

स्वस्त आणि हलकं यांच्यात त्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. स्वस्त म्हणजे आपल्याला परवडणारं. हलकं म्हणजे आपल्यासाठी म्हणून वाईट बनवलेलं. "यांना काय कळतंय, असं म्हणून जे शिवतात ना, ते घ्यायचं नाय," ते म्हणायचे. या एका वाक्यावर त्यांचं सगळं दुकानशास्त्र उभं होतं, आणि मला वाटतं बाकीचं बरंच काही.

चुकायचेही. कल्याणला फुटपाथवर त्यांनी एकदा 'प्युअर लेदर' पाकीट घेतलं. उलटून बघितलं, वाकवून बघितलं, नाक लावलं, सगळं पास झालं. उन्हाळ्यात शाळेतून आले तेव्हा मागच्या खिशाभोवती विटकरी डाग पसरला होता. घाम आला आणि पाकीट विरघळलं, असं त्यांनी स्वतःच सगळ्या आळीला सांगितलं. आईने ती पँट फडकं करायला घेतली तर म्हणाले, राहू दे, आणि घरात तीच घालून बसू लागले. वास तर बरोबर येत होता, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत सलत राहिलं.

पण मला लिहायचं आहे ते पट्ट्याबद्दल.

आमचा आजा, म्हणजे बाबांचे वडील, एका शेतकऱ्याकडे गडी होता. त्या घरचे बैल जत्रेला न्यायचं काम त्याचं. जत्रेच्या आधी आठवडाभर तो बैलांच्या गळ्यातले पट्टे काढून त्यांना करडईचं तेल चोळत बसे. जाड कातडं, दुहेरी शिवण, पितळेची बक्कलं, मधे घंटा. ती बक्कलं चिंचेने घासून तो अशी लख्ख करी की त्यात तोंड दिसावं. मग ते पट्टे बैलांच्या गळ्यात बांधून तो त्यांना चालवत म्हशाला नेई. त्याच्या स्वतःच्या कमरेला सुतळी असे. याबद्दल कुणी त्याला वाईट बोललं नाही, की हसलं नाही. तसंच असायचं होतं. बाबांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, जत्रेतून परत येताना सरळगावच्या थांब्यावर, आणि सांगून झाल्यावर लगेच भजी घ्यायला गेले.

पहिला पगार झाला त्या वर्षी बाबा एकटे म्हशाला गेले. घंटा, घुंगरमाळा, गोंडे, वेसणी विकणाऱ्यांची तिथे अख्खी ओळ असते. त्या ओळीत घाटावरून आलेला एक पट्टेवाला बसायचा. बाबांना तसला पट्टा हवा होता. स्वतःच्या कमरेसाठी, तेच कातडं, तेच पितळ. पण तिथे पोचल्यावर त्यांना ते बोलवेना. भोवती बैलवाले उभे. त्यांतले काही आमच्या गावचे. पट्टेवाल्याने विचारलं, बैल केवढा? बाबांनी आयुष्यात बैल पाळला नव्हता. ते म्हणाले, मध्यम. रंग? तांबडा. नाव? बाबा म्हणाले, राजा.

असा राजा आमच्या घरात आला.

बैलाच्या गळ्याचा तो पट्टा घरी आणून त्यांनी शहापूरच्या चांभाराकडून कमरेजोगा करून घेतला. रुंदी थोडी उतरवली, घंटेची कडी काढली, बक्कल मूळचंच ठेवलं. तरी तो साहेबी पट्ट्यांपेक्षा चांगलाच रुंद होता. पँटच्या पट्टीतून जाईना म्हणून आईने सगळ्या पँटींच्या पट्ट्या उसवून मोठ्या केल्या. तो बांधून बाबा पहिल्यांदा चहाच्या टपरीवर गेले तेव्हा बाकावरच्या लोकांनी बैलाच्या गळ्यातला पट्टा कमरेला बघून तो लगेच ओळखला. त्यांत आप्पाही होते, बाबांचे धाकटे भाऊ, आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. "पट्टा तर बांधलास दादा, घंटा कुठाय?"

बाबांनी चहा घेतला, बशीत ओतला. म्हणाले, "घंटा बैलाला लागते. कुठं भटकला ते धन्याला कळावं म्हणून. मला धनी नाय."

हे मला आप्पांनीच सांगितलं. ते सांगताना ते हसत नव्हते.

पुढे दर वर्षी जत्रेत त्या पट्टेवाल्याकडे जाणं आलंच, कारण पट्ट्याला तेल लागे, कधी घड्याळाला नवी पट्टी लागे आणि त्याच्या हातची शिवण दुसरीकडे मिळत नसे. ती ओळ जवळ आली की बाबा स्वेटर खाली ओढून पट्टा झाकून घेत. मी बरोबर जाऊ लागले तेव्हा मला हे आधी कळेना. पट्टेवाला मान वर करून विचारी, "राजा कसा हाय?" आणि बाबा सांगू लागत.

राजा बरा आहे. राजा फार शांत आहे, पण मारका बैल समोर आला तर मागे सरत नाही. राजाला नांगराला जुंपत नाही, हलक्या कामाला ठेवलाय. राजाला गावातले लोक हसतात, पण त्याला फरक पडत नाही. मी बाजूला उभी राहून घुंगरांना हात लावत हे ऐकायची. एका वर्षी बाबांचा साखरेचा आजार निघाला; जत्रेत ते म्हणाले की राजाचं खाणं बेताचं केलंय, गूळ बंद. निवृत्त झाले त्या वर्षी म्हणाले, आता कामाला लावत नाही, ओटीवर बसून असतो. पट्टेवाल्याने मान डोलवली आणि बजावलं, म्हातारा झाला म्हणून इकू नका हो. बाबा म्हणाले, नाय इकणार. घरी ज्या गोष्टी ते बोलत नसत, त्या मी राजाबद्दल म्हणून ऐकल्या. गुडघे दुखतात हे आम्हाला असंच कळलं.

लोक बाबांना टापटीप म्हणायचे. हा शब्द मला अजून सरळ ऐकता येत नाही. त्यात एक छोटासा धक्का दडलेला असतो. काही जण तो उघडच दाखवत. लग्नात, पंगतीत, ओळख झाल्यावर म्हणत, "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो." कौतुक म्हणून. बाबा हातातला पेला खाली ठेवत आणि विचारत, "मग कुणातला वाटतो?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहत. भांडणाचा सूर नाही. त्या माणसाला खरंच माहीत असेल आणि तो आता सांगेल, अशा चेहऱ्याने. मी लहान असताना मला त्या शांततेत मेल्यासारखं व्हायचं. आता त्या शांततेसारखी दुसरी शांतता मला कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

ते गेले त्या दुपारी माणसं जमली. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांत नेतात. आप्पांनी नवं पांढरं कापड आणलं. मी म्हटलं, पांढरा शर्ट आहे त्यांचा, इस्त्री केलेला, उद्यासाठी. शर्ट घातला. मग मी टाय बांधला. गाठ कशी बसवायची ते त्यांनीच मला शिकवलं होतं, आरशासमोर, माझी दहावी झाली तेव्हा; पण समोरून दुसऱ्याला बांधताना हात उलटे चालतात, ते काही त्यांनी शिकवलं नव्हतं. दोनदा सोडून बांधावा लागला. मी खुंटीवरचा पट्टा घेतला तेव्हा आप्पा पुढे आले.

टाय ठीक आहे, म्हणाले. पट्टा राहू दे. चामडं आहे, सरणावर नेत नाहीत. आणि इतकी चांगली वस्तू. आपल्या प्रशिकचं लग्न आहे उन्हाळ्यात, त्याला होईल. दादाची आठवण म्हणून घरात पुरुषाच्या अंगावर राहील. प्रशिक आप्पांचा मुलगा. तो मागे उभा होता आणि हे ऐकून बाहेर निघून गेला. दोघा-तिघांनी माना हलवल्या. एक म्हातारी म्हणाली, पोरीच्या जातीला काय करायचाय पट्टा. आप्पांचा हात पुढे आलेला होता. त्यात लोभ होता असं मी म्हणणार नाही. आजाच्या कमरेची सुतळी त्यांनीही बघितली होती.

मी पट्टा सोडला नाही. तेव्हा आई बोलली.

"पट्टा बांधल्याशिवाय ते कधी उंबऱ्याबाहेर गेले नाय. आज पण जायचे नाय."

मी पट्टा बांधला. नेहमीच्या भोकात, जे इतक्या वर्षांनी लांबट झालं होतं. बक्कल बसलं तेव्हा टक्कन आवाज झाला. रोज सकाळी मोरीजवळून यायचा तोच.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख गोळा करायला गेलो. आप्पा काठीने राख बाजूला सारत होते. त्यांना बक्कल दिसलं. वाकून त्यांनी उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं, काळं पडलेलं, एका बाजूला किंचित वाकलेलं. मग माझ्यापुढे धरलं. "घे. हे तरी वाचलं तुझ्या हातातून."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, जेवणं झाली, आणि माणसं उठायच्या आत आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले की चांगली वस्तू जाळली. शिकलेल्या पोरीने जाळली. मी तेव्हा पत्रावळी गोळा करत होते आणि गोळा करत राहिले. आज लिहिते आहे ते त्याचं उत्तर म्हणून लिहिते आहे, असं कुणी समजलं तरी माझी हरकत नाही. वस्तू चांगली होती म्हणूनच ती त्यांच्या अंगावर होती. चांगल्या वस्तू आमच्याकडे उशिरा आल्या. त्या माणूस गेल्याबरोबर खुंटीवरून काढून दुसऱ्याच्या मापाला लावायच्या, म्हणजे ती वस्तू मोठी आणि माणूस तिचा काही वर्षांचा गडी. आजाने जन्मभर तेच केलं होतं, बैलांसाठी. बाबा गडी म्हणून गेले नाहीत.

प्रशिकने लग्नात बाजारातला पट्टा बांधला, सोनेरी अक्षरांच्या बकलाचा, मोबाइलवरून मागवलेला. हळदीच्या दिवशीच त्याची कड सुटली होती. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मोठे बाबा असते तर आधी उलटा करून बघितला असता ना?" मी त्याला फेविक्विक दिलं.

यंदा मी म्हशाला गेले. किन्हवलीच्या पुढे सावर फुलायला लागली होती, पानं नसलेल्या फांद्यांवर लाल गेंद. गाडीत बायका घोंगड्यांबद्दल बोलत होत्या, यंदा कशी निघालीत, टोचतात का. माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेलं बक्कल होतं. बाबांचाच रुमाल. आदल्या रविवारी मी ते चिंचेने घासलं होतं, आजासारखं. पितळ वर आलं. एक कोपरा मात्र काळाच राहिला.

जत्रेत तोच धुरळा, तोच गुळाच्या शेवेचा आणि शेणाचा एकत्र वास. घंटांची ओळ आता थोडी आखूड झाली आहे. मधे मोबाइलची कव्हरं विकणारे बसतात. पट्टेवाला होता. आता सून विक्री बघते आणि तो मागे पोत्यावर बसून दोरा ओढत असतो. त्याने मला ओळखलं, माझ्या मागे नजर टाकली, आणि मग विचारलं, "राजा कसा हाय?"

"गेला," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. आता मला बैलाबद्दल बोलता आलं असतं. म्हातारा झाला होता, थंडीत गेला, एवढं म्हणून निघता आलं असतं. बाबांनी इतकी वर्षं ती सोय करून ठेवली होती.

"बैल नव्हताच, मामा. पट्टा बाबांनाच हवा होता. त्यांना सांगता आलं नाही. ते गेले."

तो काही वेळ दोऱ्याला मेण लावत राहिला. मग म्हणाला, "म्या वळखलं व्हतं. दुसऱ्याच साली. वाकलं आन् सोटर वर गेला, तवा बक्कल दिसलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत. त्याला प्रश्नच कळला नसावा. तो म्हणाला, काय बोलायचं, ते सांगत होते, मी ऐकत होतो. मग सुनेकडे वळला, "आगं, राजा गेला." आणि त्या बाईने, जिला मी कधी धड पाहिलं नव्हतं, हातातली घुंगरमाळ खाली ठेवली आणि च्च केलं. त्यांच्या घरात सगळ्यांना राजा माहीत होता. शांत होता, पण मारक्यासमोर मागे सरत नव्हता, हेही माहीत होतं.

मी बक्कल काढून त्याच्यासमोर ठेवलं. म्हटलं, याला पट्टा करून हवा आहे.

"बैल केवढा?" त्याने विचारलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी तो चेष्टा करत होता.

"बैल नाही. मी. माप घ्या."

तो सुनेला हाक मारायला लागला. मी म्हटलं, तुम्हीच घ्या, इथंच, उभ्या उभ्या. त्याने कातड्याची एक पट्टी उचलली, गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि माझ्या कुर्त्यावरून कमरेभोवती फिरवली. भोवती माणसं थांबली. घंटा घ्यायला आलेला एक बैलवाला दुसऱ्याला म्हणाला, बाईला बैलाचा पट्टा, नाटकात काम असंल. तो शहापूरकडचाच असावा, चेहरा ओळखीचा वाटला. मी सहसा वाचनालयातल्या आवाजात बोलते. त्या दिवशी माझा आवाज त्या ओळीच्या टोकापर्यंत गेला.

"कंबर माझी आहे. बक्कल माझ्या बापाचं आहे. नाटक नाही."

तो माणूस घंटा वाजवून बघू लागला. पट्टेवाल्याने पट्टीवर नखाने खूण केली आणि खाली बसला.

पट्टा तयार होईपर्यंत मी तिथेच दगडावर बसले. त्याने पाठीच्या भागाचं कातडं घेतलं. मी ते उलटं करून बघितलं, वाकवून बघितलं, कडेला नाक लावलं. तो बघत होता. शिवण दुहेरी घातली. बाबांच्या पट्ट्यापेक्षा कितीतरी आखूड पट्टा, पण रुंदी मी तीच ठेवायला सांगितली. वाकलेली बाजू ठोकून सरळ करू का, म्हणून त्याने विचारलं. मी नको म्हटलं. बक्कल बसवून त्याने ते एकदा लावून सोडून दाखवलं. आवाज तोच निघाला. सिद्धगड जांभळा व्हायला लागला होता. मी तिथेच उभी राहून पट्टा बांधला आणि स्वेटर वरच्या अंगाला दुमडून घेतला, म्हणजे दिसावा.

घरी पोचले तेव्हा आप्पा ओटीवर आईशी बोलत बसले होते. पुण्यानुमोदनानंतर ते येतात, बसतात, माझ्याशी फारसं बोलत नाहीत. दिव्याच्या उजेडात त्यांची नजर माझ्या कमरेवर गेली. आईचीही गेली, ती उठून आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता पुन्हा शिकलेल्या पोरीचं येणार.

"घंटा कुठाय गो?" आप्पा म्हणाले.

"धनी कुठाय, आप्पा?"

त्यांनी मान खाली घातली. खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मी वाकून बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, जरा इकडे ये, आणि बकलाचा तो काळा कोपरा अंगठ्याने घासून बघितला. निघाला नाही.

उद्या सोमवार. वाचनालय सकाळी उघडतं. बक्कल बाबांचं आहे, एका कोपऱ्यात काळं, एका बाजूला वाकलेलं. पट्टा माझ्या मापाचा आहे.